दर्शनी भाग नसलेली इमारत

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतल्या महत्त्वाच्या इमारती कोणत्या, असं विचारलं तर मुंबईच्या आसपासचा वाचणारा माणूस साधारण एकाच क्रमानं बोलतो. १९०३चं ताजमहाल हॉटेल, १९१३चं जनरल पोस्ट ऑफिस, मग प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, गेटवे ऑफ इंडिया, आणि थोडं खोलात गेलेला असेल तर १९२४चं बॉम्बे हाऊस. इमारतींबरोबर नावं येतात : जॉन बेग, जॉर्ज विटेट. नावांबरोबर शैली येते : इंडो-सारसेनिक. एवढं झालं की विषय संपतो आणि आपण मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेकोकडे वळतो.

या यादीत चूक काही नाही. ती ज्या सवयीतून तयार होते ती सवय मात्र तपासायला हवी. यादीतल्या प्रत्येक इमारतीला एक तोंड आहे. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून तिचा फोटो काढता येतो. तिच्यावर कुणाची तरी सही आहे आणि उद्घाटनाची तारीख आहे. वास्तुकलेवरचं आपलं बरंचसं लेखन या तोंडाविषयी असतं : कमानी, घुमट, जाळ्या, दगडाचा रंग. इमारत काय काम करते, कशाच्या जोरावर चालते, तिच्यासाठी कुणी काय सोडलं, हे प्रश्न आपण दुसऱ्या कप्प्यांत टाकतो. त्यातला एक इंजिनिअरांकडे जातो, दुसरा अर्थशास्त्रज्ञांकडे, तिसरा चळवळींच्या इतिहासकारांकडे.

या लेखात त्याच काळातल्या एका वेगळ्या इमारतीकडे वास्तुकला म्हणून पाहायचं आहे. खालापूर तालुक्यात, घाटाच्या पायथ्याला खोपोलीत टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीचं पॉवरहाऊस १९१५मध्ये सुरू झालं, ती ही इमारत. तिच्या पाठोपाठ १९२२मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीला तिचं धाकटं भावंड उभं राहिलं. माझं म्हणणं असं, की त्या काळात आपल्या भागात जे जे बांधलं गेलं त्यात जागेचा इतका खोल विचार दुसऱ्या कुठल्याच रचनेत झालेला नाही. आणि त्या रचनेत जो मोठा दोष आहे तोही तिच्या आराखड्यातच आहे, बाहेरून चिकटलेला नाही. हे दोन्ही एकत्र पाहिलं तरच तिची समीक्षा होईल.

एक गव्हर्नर, दोन पायाभरण्या

८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्याजवळ वळवण धरणाची कोनशिला बसवली. दोन वर्षांनी, ३१ मार्च १९१३ रोजी, त्याच गव्हर्नरांनी अपोलो बंदरावर गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी केली. तोवर ते लॉर्ड सिडनहॅम झाले होते. एकाच माणसाच्या हातून, एकाच कारकिर्दीत सुरू झालेली ही दोन बांधकामं पुढे कशी गेली ते पाहण्यासारखं आहे.

वळवणच्या कोनशिलेपासून चार वर्षांत धरण, घाटावरून उतरणारे पाइप, पायथ्याचं पॉवरहाऊस आणि मुंबईपर्यंतची सुमारे ७० किलोमीटर लांबीची वीजवाहिनी इतकं सगळं कामाला लागलं. ११ फेब्रुवारी १९१५ रोजी, तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते वीजपुरवठा सुरू झाला. गेटवेला अकरा वर्षांहून जास्त लागली. ४ डिसेंबर १९२४ रोजी तो खुला झाला. उशिराला कारणं होती. समुद्र हटवून जमीन तयार करायची होती, पैसे कमी पडत होते, मध्ये महायुद्ध आलं. पण यातली मजा दिरंगाईत नाही. ज्या राजाच्या आगमनासाठी गेटवे होता तो पंचम जॉर्ज डिसेंबर १९११मध्येच येऊन गेला होता, आणि त्याला स्वागताला पुठ्ठ्याची कमान पाहावी लागली होती. म्हणजे गेटवे जन्मापासूनच घडून गेलेल्या घटनेचं स्मारक आहे. वळवण ते खोपोली ही रचना मात्र जे अजून सुरूच झालेलं नाही त्याच्यासाठी बांधलेली होती : कोळशाशिवाय चालणारी गिरणी.

स्मारकाला तोंड लागतंच. कामाला लागेलच असं नाही.

वास्तुविशारदाची कल्पना

पॉवरहाऊसला वास्तुकला म्हणायला आपण बिचकतो, कारण त्याच्यामागे वास्तुविशारद नसतो असं आपण धरून चालतो. खोपोलीच्या बाबतीत हे गृहीतच डळमळतं. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचं पाणी अडवायचं, ते कोकणात खाली सोडायचं आणि त्यातून निघालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, ही कल्पना डेव्हिड गॉस्लिंग यांची. गॉस्लिंग हे मुंबईतले नावाजलेले वास्तुविशारद होते. त्यांनी ती जमशेटजी टाटांपुढे मांडली, आणि आर. बी. जॉयनर या अनुभवी इंजिनिअरांनी तिचा तपशील बसवला. जमशेटजी १९०४मध्ये गेले. दोराबजी आणि रतन या मुलांनी योजना पुढे नेली, आणि १९१०मध्ये कंपनी स्थापन झाली.

हा योगायोग नीट पाहा. त्याच वर्षांमध्ये जमशेटजी ताजमहाल हॉटेल बांधत होते. ताजचे पहिले आराखडे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे, आणि ते पुरं केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. मुंबईतल्या अनेक इमारती ज्या फर्मच्या नावावर आहेत त्या गॉस्लिंग, चेंबर्स अँड फ्रिचली या फर्मच्या पाटीवर हे चेंबर्स आणि आपले गॉस्लिंग शेजारी शेजारी आहेत. एकाच धनिकासमोर, एकाच शहरात, एकाच व्यवसायातल्या माणसांनी दोन प्रस्ताव ठेवले होते. एक होता समुद्राकाठी घुमटाचं हॉटेल, दुसरा होता डोंगरापासून शहरापर्यंत पसरलेलं एक यंत्र. पहिल्यावर आपण शंभर वर्षं बोलतो आहोत. दुसऱ्याच्या वास्तुविशारदाचं नाव शंभरातल्या एकालाही माहीत नसेल.

ताजबद्दल आपण काय बोलतो तेही लक्षात घेण्यासारखं आहे. सगळ्यात लोकप्रिय गोष्ट अशी, की इमारत चुकून उलटी बांधली गेली, तिची पाठ समुद्राकडे आली आणि ते पाहून वास्तुविशारदानं जीव दिला. ही निव्वळ दंतकथा. खोल्यांना समुद्राचा वारा मिळावा आणि गाड्या शहराच्या बाजूनं याव्यात म्हणून हॉटेल तसंच योजलेलं होतं. पण दंतकथा टिकते, कारण तिच्यामागचा समज पक्का असतो : इमारतीला एक बरोबर तोंड असतं, आणि ते चुकलं तर सगळं चुकलं. ज्या रचनेला तोंडच नाही ती या समजुतीच्या नजरेत येणार कशी?

घाट हाच आराखडा

आता खोपोलीची रचना वाचू. ती वाचायची तर पॉवरहाऊसच्या चार भिंतींपाशी सुरुवात करून चालणार नाही. ही एकच इमारत आहे आणि तिचे मजले दोन जिल्ह्यांत आहेत.

सगळ्यात वरचा मजला म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या मावळातले लोणावळा, वळवण आणि शिरवता हे तलाव. घाटमाथ्यावर पाऊस बेफाम पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. गिरणीला वीज बाराही महिने हवी. म्हणून या रचनेचा पहिला प्रश्न पाणी पाडण्याचा नाही, धरून ठेवण्याचा आहे. नायगाऱ्यात नदी वर्षभर वाहते. तिथे धबधब्याशेजारी यंत्रं बसवली की झालं. सह्याद्रीत आषाढातले धबधबे चैत्रात कोरडे दगड असतात. आठ महिन्यांची बेगमी करणं, ही कोकणातल्या आणि मावळातल्या प्रत्येक घराला कळणारी गोष्ट, इथे दगडी बांधकामाच्या मापात उतरली. वळवणचं धरण उंचीला सुमारे २६ मीटर, म्हणजे फार नाही. पण लांबीला सव्वा किलोमीटरहून जास्त आहे. उथळ, पसरट खोऱ्याला घातलेला तो बांध आहे. त्याची मापं कुणाच्या सौंदर्यकल्पनेतून आलेली नाहीत. खोऱ्याच्या आकारानं आणि पावसाच्या वेळापत्रकानं ती ठरवली.

त्याखाली येतो जिना. सह्याद्रीचं वैशिष्ट्य असं, की तो पूर्वेकडून पाहिला तर टेकड्यांचा पठारी प्रदेश वाटतो आणि पश्चिमेकडून पाहिला तर भिंत. या भिंतीची उंची म्हणजेच योजनेचं भांडवल. माथ्यावरच्या टाकीपासून खोपोलीच्या यंत्रापर्यंत पाणी सुमारे ५२५ मीटर खाली येतं. त्या काळात एवढ्या उंचीवरून पाणी सोडून चालणारी केंद्रं जगात मोजकीच होती. उंची एवढी असली की पाणी थोडं असलं तरी चालतं. पायथ्याशी पाइपातला दाब दर चौरस सेंटिमीटरला पन्नास किलोंच्या वर जातो, आणि तोटीतून सुटलेला झोत सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगानं पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळतो. म्हणून पाइपाचा पत्रा वरून खाली येताना जाड होत जातो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं खोपोली गाठताना डोंगरउतारावर ज्या समांतर रेघा दिसतात, ज्यांना आसपासचे लोक नुसतं ‘टाटाचे पाइप’ म्हणतात, त्या या इमारतीचा एकमेव उघडा दिसणारा भाग आहेत. तो डोंगराचा छेद आहे. वास्तुविशारद कागदावर इमारत मधोमध कापून आतली रचना दाखवतो, तसा हा छेद डोंगराच्या अंगावरच काढून ठेवलेला आहे.

मग तळमजला, म्हणजे पॉवरहाऊस. अशा पॉवरहाऊसच्या दिवाणखान्याची रुंदी, उंची, लांबी यांमागे साधं गणित असतं. यंत्रं एका ओळीत बसतात, म्हणून हॉल लांबट. यंत्राचा सगळ्यात जड भाग उचलून बाहेर काढता यावा म्हणून वर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावणारी क्रेन. क्रेनचा भार पेलायला भिंतीत ठरावीक अंतरावर खांब. आणि त्या खांबांच्या मधल्या जागेत उजेडासाठी उंच खिडक्या. देवळाच्या सभामंडपासारखा एकसारख्या खणांचा ताल यात आपोआप येतो.

शेवटी दरवाजा. तो खोपोलीत नाही. एक लाख व्होल्टच्या दाबानं तारांवर चढलेली वीज मनोऱ्यांवरून कोकणपट्टी आणि खाडी ओलांडत परळला उतरते. या इमारतीचा दरवाजा परळला आहे. पलीकडच्या गिरण्यांच्या वास्तूवरही तिचा परिणाम झाला. वाफेवरच्या गिरणीत एकाच मोठ्या इंजिनाची शक्ती जाड दोरखंडांनी मजल्यामजल्यावर न्यावी लागायची. त्यासाठी इंजिनघर, बॉयलर, धुराडं आणि दोरखंडांचा उभा बोळ यांच्याभोवती सगळी गिरणी मांडावी लागे. विजेच्या मोटरी आल्यावर हा बोळ अनावश्यक झाला. खोपोलीच्या पाण्यानं परळच्या भिंतींची मांडणी बदलली, एवढा लांब हात त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्या इमारतीचा होता?

तिकडे काय चाललं होतं

वीजघराला रूप काय द्यावं, हा प्रश्न तेव्हा जगभर पडलेला होता. नायगाऱ्याच्या ॲडम्स केंद्राला १८९०च्या दशकात मॅककिम, मीड अँड व्हाइट या अमेरिकेतल्या सर्वांत प्रतिष्ठित फर्मनं दगडी राजेशाही रूप दिलं. इटलीत अद्दा नदीवरच्या त्रेत्झो इथल्या केंद्रासाठी १९०६मध्ये गाएतानो मोरेत्ती यांनी जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशी शोभेल असा दगडी दर्शनी भाग रचला. बर्लिनमध्ये पीटर बेहरेन्स यांनी १९०९मध्ये एईजी कंपनीच्या टर्बाइन कारखान्याला काच आणि पोलाद यांचं असं रूप दिलं, की कारखान्याला देवळाची प्रतिष्ठा आली. आणि १९१४मध्ये अंतोनिओ सान्तेलिया या तरुण इटालियन वास्तुविशारदानं वीजकेंद्रांची चित्रं काढली : कातळाला टेकलेले प्रचंड उतार, खाली झेपावणारे पाइप, आकाशात तारा. त्यातलं एकही बांधलं गेलं नाही. सान्तेलिया १९१६मध्ये युद्धात मारला गेला, आणि आधुनिक वास्तुकलेच्या प्रत्येक इतिहासात त्याची ती चित्रं छापली जातात.

तो ही चित्रं काढत होता त्या वर्षी खोपोलीच्या डोंगरावर खरे पाइप चढत होते. त्याची थोरवी कमी करण्यासाठी मी हे सांगत नाही. चित्राला तोंड असतं, सही असते. ते भिंतीवर टांगता येतं. खोपोलीला यातलं काही नव्हतं, म्हणून कागदावरचं वीजकेंद्र वास्तुकलेच्या इतिहासात गेलं आणि उभं राहिलेलं वीजकेंद्र कंपनीच्या इतिहासात.

मुंबईत त्याच काळात जॉर्ज विटेट काय करत होते? गेटवेसाठी त्यांनी सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या वास्तूंतून प्रेरणा घेतली, म्युझियमसाठी विजापूरच्या घुमटाकडे पाहिलं. विटेट यांचा हात पक्का होता. म्युझियमच्या मधल्या दालनात उभं राहिलं की प्रकाश वरून कसा आणायचा, माणसाला हळूहळू आत कसं ओढायचं हे त्यांना किती नेमकं कळत होतं ते जाणवतं. पण शैली इथे पोशाखासारखी येते. कुठल्या प्रांताचा, कुठल्या शतकाचा पोशाख शोभेल हे ठरवायचं, मग तो इमारतीला चढवायचा. राज्यकर्ते परके असताना देशी पोशाखाची निवड करणं ही राजकीय गरज होती, आणि विटेट यांनी ती कौशल्यानं भागवली. नंतर त्यांनीच टाटांसाठी बॉम्बे हाऊस केलं. त्या इमारतीत बसून ज्या कंपन्या चालवल्या गेल्या त्यांत खोपोली आणि भिवपुरी चालवणाऱ्या वीजकंपन्या होत्या. म्हणजे मेंदूच्या इमारतीला वास्तुविशारद मिळाला आणि हृदयाच्या इमारतीला तो मिळाल्याची नोंद सार्वजनिक आठवणीत नाही.

खोपोलीत पोशाखाची गरज पडली नाही, कारण पाहणारं कुणी अपेक्षित नव्हतं. म्हणूनच ती रचना इतकी उघडी, इतकी थेट राहिली. पण ‘पाहणारं कुणी नाही’ या वाक्याला दुसरी बाजू आहे.

दरवाजा कुणासाठी

खोपोलीत या पॉवरहाऊसच्या आधी शंभरेक वर्षं पाण्याची एक नामांकित वास्तू उभी होती : नाना फडणवीसांनी बांधवलेला तलाव आणि त्याच्या काठचं महादेवाचं देऊळ. बोरघाट चढायच्या आधी किंवा उतरून आल्यावर वाटसरू, बैल, घोडे थांबणार, त्यांना पाणी हवं, हा तिचा हेतू. म्हणून तलाव रस्त्याकडे वळलेला आहे. कुणीही यावं आणि पाणी घ्यावं, यासाठीच तो आहे.

पॉवरहाऊसच्या रचनेत खोपोलीच्या माणसाला अशी जागा नाही. त्यात नोकरी मिळेल, कॉलनीत क्वार्टर मिळेल, पण वीज खालापूर-कर्जतच्या गावांना द्यायची हा योजनेचा हेतूच नव्हता. ग्राहक ठरलेले होते, मुंबईचे गिरणीमालक. डोंगर इथला, पाऊस इथला, उतार इथला, आणि तार डोक्यावरून पलीकडे गेलेली. दरवाजा परळला असणं ही मी वर कौतुकानं सांगितलेली गोष्ट इथे उलटी फिरते. जी रचना जागेचा इतका बारकाईनं विचार करते तिला त्या जागेतली माणसं फक्त मजूर किंवा अडथळा म्हणून दिसतात.

‘अडथळा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. वरच्या मजल्यावर, मावळात, तलाव म्हणजे आधी शेतं होती. खोपोलीनंतर कंपन्यांनी आंध्रा नदीवर ठोकरवाडीला सुमारे ५९ मीटर उंचीचं धरण बांधलं आणि तिथलं पाणी बोगद्यातून आणून भिवपुरीला सोडलं. तिसरी पाळी मुळा नदीची आली. मुळशीचं पाणी भिऱ्याला सोडायची ती योजना. भिरा केंद्र १९२७मध्ये सुरू झालं. पण या वेळी मावळे उठले. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी या लढ्यानं दिली, आणि विनायकराव भुस्कुटे त्यांचे सहकारी होते. सरकारनं १८९४च्या भूसंपादन कायद्यानं खासगी कंपनीसाठी जमीन घेऊन दिली. ‘जान किंवा जमीन’ म्हणत लोक उभे राहिले, तुरुंगात गेले आणि हरले. धरण झालं.

समीक्षेचा प्रश्न इथे येतो. मुळशीचा सत्याग्रह आपण चळवळींच्या इतिहासात वाचतो आणि पॉवरहाऊस उद्योगाच्या इतिहासात. वास्तुकलेच्या भाषेत हे एकाच आराखड्याचे दोन भाग आहेत. कुठल्याही इमारतीच्या नकाशात पाया दाखवावा लागतो. या इमारतीचा पाया पाण्याखाली आहे, आणि तो नकाशात कधी दाखवला गेला नाही. पाइप उघडे, तारा उघड्या, यंत्रांचा हॉल उघडा, पण बुडालेली शेतं झाकलेली. खोपोलीच्या रचनेला प्रामाणिक म्हणायचं तर हे लक्षात ठेवून म्हणावं लागेल.

पाण्याचा हिशेबही तसाच. हे पाणी मुळात पूर्वेला, इंद्रायणी-मुळेतून भीमेला आणि पुढे कृष्णेला जाणारं. घाटाच्या कडेवर उभं राहून माणसानं त्याची दिशा बदलली, आणि दुष्काळी वर्षात सोलापुरापासून मराठवाड्यापर्यंत ‘ते पाणी परत द्या’ ही मागणी उठते. खाली आलेलं पाणी मात्र इथे रुजलं आहे. खोपोलीचं अवजल पाताळगंगेत जातं आणि तिच्या काठचे कारखाने त्यावर चालतात. भिवपुरीचं अवजल उल्हास नदीला उन्हाळ्यात जिवंत ठेवतं. पुढची शहरं त्यावर तहान भागवतात. आणि त्याच अवजलावरच्या राजनाला कालव्यानं कर्जतच्या काही गावांत भाताचं दुसरं पीक येतं. गंमत अशी, की या रचनेनं स्थानिक माणसाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट तिच्या आराखड्यातली नाहीच. कंपनीला वीज हवी होती. काम संपलेलं पाणी कर्जतच्या शेतकऱ्यानं उचललं. मागच्या दारानं आलेला हा लाभ नसता तर या इमारतीबद्दल चांगलं बोलणं फार अवघड गेलं असतं.

माथेरानची गाडी आणि आजचा प्रश्न

कर्जत तालुक्यातच, त्याच काळात, आणखी एक रचना झाली जिला वास्तुविशारद नाही आणि दर्शनी भागही नाही : १९०७मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरान रेल्वे. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांची जिद्द, दोन फुटी रूळ, आणि डोंगराच्या वळणांना न भांडता वर चढणारा मार्ग. तीही डोंगर वाचून केलेली रचना आहे. पण तिला लोक विसरले नाहीत. जुलै २००५च्या पावसात मार्ग वाहून गेला, तेव्हा गाडी पुन्हा सुरू व्हावी म्हणून लोक अस्वस्थ होते, आणि २००७मध्ये ती सुरू झाली. फरक कशात आहे? गाडीत बसता येतं. तिला दरवाजा आहे आणि तो नेरळच्या फलाटावर उघडतो. म्हणजे इमारत लक्षात राहायला तोंड लागतं असं नाही. तोंड नसेल तर निदान दार तरी लागतं.

हे आज मांडायचं कारण आहे. २०१८मध्ये मुंबईच्या इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्या समूहाच्या नावात दोनच शैली आहेत, व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको. विसाव्या शतकाचा आरंभ त्या दोन नावांच्या फटीत पडतो. शहरात आपण अशा फटींबद्दल निदान वाद घालतो. घाटाखाली तोही होत नाही. इकडे कर्जत-खालापूरचा चेहरा झपाट्यानं बदलतो आहे. फार्महाऊस आणि दुसऱ्या घरांच्या जाहिरातींमध्ये इटालियन, बालीनीज, राजस्थानी असे दर्शनी भाग विकले जातात. याच पट्ट्यात चित्रपटांसाठी महाल आणि किल्ले उभारले गेले, आणि लोक तिकीट काढून ते पाहायला आले. सेटचं ते कामच असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण तोंड असलेलं आणि पाठीमागे काही नसलेलं बांधकाम जिथे पाहायला मिळतं, तिथेच सगळं काही पाठीमागे असलेलं आणि तोंड नसलेलं बांधकाम फाटकाबाहेरूनही कुणी पाहत नाही.

आणि त्या फाटकाआड बदल येऊ घातला आहे. ऑगस्ट २०२३मध्ये टाटा पॉवरनं राज्य सरकारशी दोन मोठ्या उदंचन प्रकल्पांचा करार केला : शिरवत्याला १८०० मेगावॉट आणि भिवपुरीला १००० मेगावॉट. उदंचन म्हणजे वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं आणि गरज पडेल तेव्हा खाली सोडायचं. शंभर वर्षं ज्या जिन्यानं पाणी फक्त उतरलं, तिथे आता ते चढणारही आहे. डोंगर तोच, उंचीचं भांडवल तेच. सौर आणि पवन विजेला साठवणीची गरज आहे, म्हणून गॉस्लिंग यांच्या कल्पनेला नव्यानं आयुष्य मिळतं आहे. तांत्रिकदृष्ट्या यात आनंद वाटावा असं पुष्कळ आहे.

पण जुन्या इमारतीचं वाचन केलं नाही तर नवी इमारत जुना दोषही वारशानं घेईल. जागेचा उत्तम अभ्यास, माणसांचा शून्य. म्हणून मागण्या साध्या आहेत. खोपोली आणि भिवपुरी यांची नोंद वारसावास्तूंमध्ये व्हावी, आणि ती नुसत्या हॉलची नको. तलाव, पाइप, हॉल, वीजवाहिनी आणि अवजलाचे कालवे अशी एकत्र व्हावी. सुरक्षेची गरज सांभाळून वर्षातले काही दिवस तरी आसपासच्या शाळांतल्या मुलांना आत नेता यावं. तिथे एक भिंत असावी. तिच्यावर गव्हर्नरांची नावं हवी असतील तर असू देत, पण त्यांच्या शेजारी डेव्हिड गॉस्लिंग हे नाव असावं, आणि त्याच मापाच्या अक्षरांत तलावांखाली गेलेल्या गावांची नावं असावीत. एवढ्यानं झालेलं नुकसान भरून निघणार नाही. पण इमारतीचा पाया नकाशात दिसू लागेल, आणि परळला उघडणाऱ्या या इमारतीचं एक छोटं दार शंभर वर्षांनी का होईना, खोपोलीकडे उघडेल.